पऱ्हाटीचं फूल

दहीभाताचा वास आला की मला एक सीतादही आठवते. कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी आम्ही शेतात दहीभात शिंपडून पूजा करतो, तीच. पूजा आटोपून बांधावर जेवायला बसलो, तेव्हा शेजारच्या दहावी शिकलेल्या सुनेनं स्वतः केलेली कविता म्हटली. पऱ्हाटीचं पिवळं फूल म्हणजे जवानी, ते गळून बोंड धरतं ती लेकरं, आणि बोंड फुटून कापूस निघतो ते पांढरे केस. मी म्हटलं, "कापसाले भाव तरी भेटते वं, आपल्या केसाले कोन विचारते?" बाया हसल्या. माझी म्हातारी सासू मात्र पऱ्हाटीकडे पाहत होती. "एकाच झाडावर फूल बी हाये अन् कापूस बी," ती म्हणाली, "बाईचंच काऊन असं नाई? मले एक फूल तोडून दे वं पोरी." फूल तोडलं की बोंड गेलं, म्हणून तिनं जन्मभर कुणाला फुलाला हात लावू दिला नव्हता. ते फूल पांढऱ्या बुचड्यात खोवून ती संध्याकाळपर्यंत कापूस वेचत राहिली. आता मी तिच्या वयाची झाले. यंदा मीही एक फूल तोडलं. खोवायला गेले तर डोक्यात ते धरून ठेवण्याएवढे केसच उरले नाहीत.