केसांतलं पेन

बेल्ह्याच्या बैलबाजारात जनावरांच्या कानातले बिल्ले तपासायला गेटवर एक बाई असते. अकरा महिन्यांच्या करारावरची. मध्ये एक दिवसाचा खंड देऊन तिला पुन्हा नेमणुकीची नवी ऑर्डर मिळते. केसांत पेन खोचलेलं आणि तोंडात एकच वाक्य, "भाऊ, आकडा वाचा." बिल्ला तिला समोर दिसत असला, तरी मालकानेच मोठ्याने वाचायचा. आकडा दाखल्याशी जुळत नाही म्हणून तिने माझा बैल भर गिऱ्हाइकांत परत पाठवला होता. तो राग मी अजून सोडलेला नाही.

यंदा तिला सातवा महिना लागला आणि करारही संपत आला. तिचे साहेब बाजारातच येऊन गोड बोलले, "ताई, तुमी आता घरी आराम करा. नव्या ऑर्डरचं बाळंतपणानंतर बघू."

मला वाटलं, आता ही रडेल, हातापाया पडेल. तिने केसांतलं पेन काढून त्यांच्यापुढे धरलं.

"गरोदर हाय म्हणून ऑर्डर देत न्हाई, एवढं लिहून द्या, साहेब. मी लगेच जाते."

"अवो, मी तसं कुठं म्हनलो?"

"मग तसं म्हनला न्हाई, हे लिहा."

साहेबांनी पेनाला हात लावला नाही. सौदे करण्यात माझा जन्म गेला, पण हातात काहीच नसताना एवढं ताणून धरणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या बाजारी ती गेटवर होती, नवी ऑर्डर पर्समध्ये घालून. माझी पाळी आली. तिने तोंड उघडायच्या आत मी बैलाचा कान धरला आणि आकडा मोठ्याने वाचला.