पांढरा साका

उल्हास नदी भाईंदरला पोचेपर्यंत तिची खाडी झालेली असते. तिच्या पाण्याचे नमुने भरून प्रयोगशाळेत तपासायचे, ही माझी नोकरी. दोन वर्षांपूर्वी काठावरच्या गावातल्या एका मावशींनी अर्ज केला होता: नाल्यांच्या पाण्याने कालवं मरतायत, तपासा. ओहोटीला दगडांवरची कालवं काढायची आणि भाईंदर पश्चिमेच्या बाजारात विकायची, यावर त्यांचं घर चालायचं. मी गेले, बाटल्या भरल्या आणि अहवालात 'पाणी ठीक' लिहून मोकळी झाले. निघताना त्यांनी डबाभर कालवं हातात ठेवली. घरी जाऊन त्यांचं सुकं केलं आणि चाटूनपुसून खाल्लं.

महिन्याभराने मावशी थेट प्रयोगशाळेच्या दारात उभ्या. हातात माझा अहवाल, कुणाकडून तरी वाचून घेतलेला.

"भरतीला आलीस नि दर्याचं पानी भरून नेलंस. आमचं पानी तू बगितलंच न्हाय."

मला राग आला. त्या खरं बोलत होत्या म्हणून जास्तच आला. भरतीला समुद्र आत शिरतो आणि घाण पातळ होते, हे कळायला पदवी लागत नाही. आम्ही मूळचे रत्नागिरीचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब वडिलांनी मला पाढ्यांबरोबरच शिकवला होता. तरी मी दर वेळी भरतीच गाठायची, कारण तेव्हा धक्क्यावरूनच बाटली बुडवता येते. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरावं लागतं. कळत होतं पण वळत नव्हतं, असं म्हणायची सोय आहे. खरं म्हणजे मला बूट खराब करायचे नव्हते.

"अष्टमीला ये," मावशी म्हणाल्या. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी.

अष्टमीला भर दुपारी मी त्यांच्या मागोमाग अनवाणी चिखलात उतरले. पाणी उतरू लागल्यापासून काढलेल्या कालवांनी त्यांची पाटी अर्धी भरली होती. नाल्याचं काळं पाणी दगडांना वळसा घालून वाहत होतं, आणि वास असा की ओढणी नाकावरून काढवेना. मी बाटली काठोकाठ भरली, त्यात दोन औषधं टाकली, बूच लावून हलवली. पाण्यात प्राणवायू असला की तळाशी तपकिरी साका बसतो. भरतीच्या बाटल्यांत तसाच बसला होता. मावशी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

साका बसला. दुधासारखा पांढरा.

मावशींचा चेहरा उजळला. "सफेद आला! म्हंजे पानी बरं हाय ना गो?"

अर्ज त्यांनीच केला होता, तरी आपण खोटं ठरावं अशी आशा त्या मनात धरून होत्या, हे मला तेव्हा कळलं.

"नाही मावशी. पांढरा म्हणजे पाण्यात प्राणवायूच उरला नाही."

"मंग ही कालवं?"

"खाण्यासारखी नाहीत. ज्या घाणीने प्राणवायू संपवला, तीच यांच्या पोटात जाते."

"नि इकायची?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी पाटीकडे बघितलं.

"तुला दिली ती बी हितलीच व्हती," त्या अपराध्यासारख्या म्हणाल्या. 'पाणी ठीक' लिहिणाऱ्या मलाच.

मग त्यांनी पाटी चिखलात उपडी केली. रोजच्या सवयीने ती पाण्यात विसळायला वाकल्या, मधेच थांबल्या, आणि तशीच कमरेवर घेऊन काठाकडे चालू लागल्या.