न कापलेली पानं

रविवारी सकाळी सव्वासात वाजता दातांचे डॉक्टर कपाळाला दवाखान्यातला दिवा बांधून जेवणाच्या टेबलावर वाकले होते. समोर पेशंट नव्हता, कातडी बांधणीची कादंबरी होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज कादंबरीकाराचा हा संच त्यांनी हौसेने जमवला होता. या शेवटच्या खंडाची पानं कडेला अजून जोडलेली होती, म्हणजे तो आजवर कुणीच वाचला नव्हता, आणि डॉक्टरांना तो तसाच ठेवायचा होता. बायकोला मात्र नायिका वकिलाला होकार देते का, हे आजच कळायला हवं होतं. म्हणून डॉक्टर जोडपानं फुगवून, आत डोकावून तिला वाचून दाखवत होते.

"ती म्हणाली, माझं उत्तर... पुढचं फार आत आहे, अक्कलदाढेसारखं."

"अहो, कापा की सरळ."

"कापलं की ते वाचलेलं पुस्तक होतं."

"मग मघापासून काय करताय, दात मोजताय?"

उत्तर आता त्यांनाही हवं होतं. त्यांनी बॅगेतून पातं काढलं आणि कड सफाईने कापली.

नायिकेने विचार करायला आठवडाभराची मुदत मागितली होती. पुढची पानंही जोडलेलीच होती.

उद्या नऊला दवाखाना उघडतो. दिवा आणि पातं तोवर घरीच आहेत.