मिटलेलं भांडण मीच चव्हाट्यावर आणलं

मंडळी, डोकं नुसतं तापलंय, म्हणून सरळ सायबर कॅफेत येऊन बसलेय.

तुम्हाला माहीत आहे, बदलापुरात मी मध्यस्थीचं ऑफिस उघडलंय. लोकांची भांडणं कोर्टात जाऊ न देता बंद दाराआड मिटवते. ऑफिसचं नाव व्हावं म्हणून उल्हासनगरच्या एका जाहिरातवाल्याला पत्रकं छापायला दिली. तो म्हणाला, "मॅडम, कोई सच्चा केस डालो, तभी ब्रँड बनेगा."

मी दिली. नावं घातली नाहीत. फक्त लिहिलं, स्टेशनजवळ टेलरिंगचं दुकान असलेले दोन भाऊ आईला कोणी सांभाळायचं यावरून तुटले होते, आमच्याकडे येऊन एक झाले.

अहो, स्टेशनजवळ दोन भावांचं टेलरिंगचं दुकान एकच तर आहे!

आज सकाळी पत्रकं पेपरात घालून घरोघरी गेली. दहा वाजता दोघे भाऊ माझ्या दारात. थोरले म्हणाले, "उद्या माझ्या मुलीला बघायला येणार होते. त्यांचा फोन आला, म्हातारी आई नकोशी झालेली माणसं का तुम्ही?"

मी जाहिरातवाल्याला फोनवर झाप झाप झापलं. तो थंडपणे म्हणाला, "मॅडम, स्टोरी तो आपने दी थी."

बरोबरच होतं त्याचं. तोंड बंद ठेवणं हाच माझा धंदा, आणि तोच वाढवायला मी तोंड उघडलं. मूर्ख बाई!

जाताना धाकटे म्हणाले, "आमचं तुम्ही मिटवलंत मॅडम. आता आमचं नि तुमचं कोण मिटवणार?"

याचं उत्तर विचारायलाच इथे आलेय. तुम्हाला सुचतंय?