पावणेबाराचा पिरेड

बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी नोटीस बोर्डावर टाइमटेबल लागलं. पावणेबाराच्या खान्यात आडवी रेघ होती. तो आमचा अकाउंट्सचा पिरेड. पहिल्या वर्षी शिकवणारे सर पक्की नोकरी मिळाली म्हणून छिंदवाड्याला निघून गेले होते आणि संस्थेनं त्यांच्या जागी कोणालाच घेतलं नव्हतं.

कॉलेज लहान होतं, मध्य प्रदेशात सौंसरहून पांढुर्ण्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, संत्र्याच्या बगिच्याशेजारी. सहा खोल्या, एक ऑफिस, पत्र्याचं सायकल स्टँड. माझे बाबा तिथंच चपराशी होते. पक्के नव्हते. दर जुलैत संस्था त्यांना पुन्हा ठेवून घ्यायची. त्यांच्यामुळे माझी फी अर्धी होती, आणि त्यांच्यामुळेच मी तिथं मान खाली घालून शिकावं असं घरीदारी सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

त्याच दुपारी प्राचार्यांनी आम्हा सातही जणांना खोलीत बोलावलं. चार मुली, तीन मुलं. टेबलावर सात छापील फॉर्म मांडून ठेवलेले. प्राचार्य जबलपूरकडचे. मराठी त्यांना कळायची, पण बोलायचे हिंदीच.

"देखो बच्चों, बिना टीचर के अकाउंट्स नहीं होता. बी.ए. में आ जाओ, साल बच जाएगा."

एका मुलानं खिशातून पेन काढलंसुद्धा. मी फॉर्म उचलून वाचला. ‘मी स्वतःच्या इच्छेने विषय बदलत आहे,’ अशा अर्थाचं हिंदी वाक्य त्यात होतं.

मी विचारलं, "सर, टीचर कधी येतील?"

"फंड नहीं है."

"मग कॉमर्सची फी काहून घेतली?"

मी फॉर्म परत टेबलावर ठेवला. "याच्यात लिहिलं आहे की माझी इच्छा आहे. माझी तर इच्छा नाही. या कॉलेजात हा विषय शिकवत नाहीत, असं तुम्ही लिहून द्या. मी तो कागद घेऊन जाते."

"कहाँ ले जाओगी?"

खरं सांगायचं तर असा कागद कुठं न्यायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. "जिथं लागेल तिथं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या डोक्यावरून दाराकडे पाहिलं. मीही वळून पाहिलं. बाबा पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन उभे होते. केव्हापासून उभे होते कोण जाणे.

"आपकी लड़की है ना?" प्राचार्यांनी विचारलं.

"जी सर."

"समझाइए इसको."

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, "मी पण सही करत नाही." ही आमच्यातली सगळ्यात मोठी, सव्वीस वर्षांची. आम्ही तिला ताई म्हणायचो. माहेर सावरगावचं, लग्न होऊन रामाकोन्याला गेली होती, आणि दोन वर्षांनी परत आली ती कायमचीच. रोज सावरगावहून पांढुर्ण्याला यायची, तिथून बस धरायची. सासरी एकदा न वाचता एका कागदावर सही केली होती, तेव्हापासून ती बसचं तिकीटसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचते, असं ती स्वतःच सांगायची.

पेन काढलेल्या मुलानं पेन परत खिशात ठेवलं. त्या दिवशी एकाही फॉर्मवर सही झाली नाही.

घरी बाबा आधी जेवले. आईला सगळं आधीच कळलं होतं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बीए काय वाईट आहे? मास्तरीण होता येते. तू त्या साहेबाच्या तोंडी कायले लागली?"

मी म्हटलं, "मी वाईट काय बोलली?"

बाबांनी हात धुतले आणि मग माझ्याकडे वळले. "साहेबानं मले सांगतलं, पोरीले समजवा म्हणून. आता मले आधी हे सांग, त्या विषयात असते काय?"

मी सांगायला बसले. कंपनी म्हणजे काय, शेअर म्हणजे काय, लोकांचा पैसा घेऊन धंदा करायचा तर तो कुठून आला आणि कुठं गेला हे कोणीही बाहेरचा माणूस वाचू शकेल असं कसं लिहायचं. बाबांनी मधे एकदाच विचारलं, "कोणीही वाचू शकते? चपराशीबी?"

"वाचता आलं तर चपराशीबी."

"मग शीक," ते म्हणाले. "उद्या किती वाजता आहे तुमचा पिरेड?"

"पिरेड नाही ना बाबा. तिथं रेघ आहे."

"रेघ राहू दे. वाजता किती?"

दुसऱ्या दिवशी पावणेबाराला आमची चार नंबरची खोली उघडी होती. फळा ओल्या फडक्यानं पुसलेला, टेबलावर खडूचे दोन तुकडे. बाबा झाडू घेऊन व्हरांड्यातून जात होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही.

आम्ही सात जण येऊन बसलो आणि पहिला अर्धा तास काहीच सुचलं नाही. समोर खुर्ची रिकामी. कोणीतरी हसलं, कोणीतरी मोबाइल काढला. मग ताई उठली, फळ्यावर तारीख लिहिली आणि म्हणाली, "पहिला धडा कोण वाचते?"

आमच्याकडे एकच पुस्तक होतं, एका मुलानं नागपूरहून जुनं आणलेलं, तेही हिंदी. माझी शाळा मराठीतून झालेली. घसाऱ्याला त्यात ‘ह्रास’ म्हटलेलं, नावलौकिकाला, म्हणजे गुडविलला, ‘ख्याति’. शेअरला ‘अंश’, आणि पैसे न भरणाऱ्याचे शेअर कंपनी जप्त करते त्याला ‘अंशों का हरण’. ते वाचून ताई खुदकन हसली. "हरण? हे तं सीतेचं झालं होतं." त्या दिवसापासून आमच्या वर्गात शेअर जप्त झाला की आम्ही ‘पळवला’ म्हणायचो. पुस्तकात अडलं की मोबाइलवर व्हिडिओ पाहायचो, पण कॉलेजात नेटवर्क धड नसायचं. ऐन नोंद समजावून सांगताना त्या व्हिडिओतल्या सरांचं तोंड उघडं राहायचं आणि चक्र फिरत बसायचं.

आठवडाभरात आम्ही ठरवलं की रोज एकानं शिकवायचं. ज्याची पाळी त्यानं घरून वाचून यायचं. माझी पाळी पहिल्यांदा आली तेव्हा आदल्या संध्याकाळी मी आईलाच समोर बसवून शेअर वाटपाच्या नोंदी समजावल्या. ती मेथी निवडत होती. तिला काही कळलं नाही, पण मधे मधे "मग?" म्हणत राहिली, आणि तिच्या त्या ‘मग’मुळे माझ्या दोन चुका मलाच सापडल्या.

सगळ्यात जास्त छळलं ते एका गणितानं. शेअर दहा रुपयांचा, कंपनीनं त्यातले आठच मागितलेले, तीनशे शेअर जप्त. आम्ही ताळेबंद मांडला तर दोन्ही बाजूंमध्ये सहाशेचा फरक. सलग तीन दिवस तोच फरक. एका मुलानं ‘संकीर्ण’ म्हणून सहाशे टाकून जुळवून दाखवलं तेव्हा मी चिडून फळाच पुसला. भांडण होता होता राहिलं. चौथ्या दिवशी ताई बसमधून उतरली ती थेट वर्गात येऊन म्हणाली, "अरे, वरचे दोन रुपये कंपनीनं अजून मागितलेच नाहीत. जे मागितलंच नाही ते भांडवलात आलंच नाही. मग आपण काढून कायले राहिलो?"

तीनशे शेअर, दोन-दोन रुपये, सहाशे. आम्ही दहाच्या हिशोबानं भांडवल कमी करत होतो, करायचं होतं आठच्या. मी पुन्हा मांडला. जुळला. सर असते तर हे त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं असतं आणि दोन दिवसांत आम्ही विसरलो असतो. मी आजही विसरलेले नाही.

दिवाळीनंतर चार नंबरच्या खोलीत जुनी बाकं आणि रद्दी भरली गेली. सहा खोल्यांमधली नेमकी तीच. आम्ही सायकल स्टँडमध्ये बसायला लागलो. खाली जमीन, वर पत्रा, लिहायला गुडघे. तिसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर स्टँडच्या खांबाला टेकवून एक फळा उभा. एक कोपरा फुटलेला, पण लिहिता येत होतं.

प्राचार्य स्वतः बाहेर आले. "ये बोर्ड किसने निकाला?"

मी उठले. मी काही बोलायच्या आत फाटकाकडून बाबा आले. "मैंने निकाला सर. स्टोर में टूटा पड़ा था."

"किससे पूछकर?"

"किसी से नहीं पूछा सर. फेंकने का बोलोगे तो फेंक दूँगा. बच्चों के सामने फेंक दूँगा."

बाबांचा आवाज चढला नव्हता. ते हात मागे बांधून उभे होते, नेहमी साहेबांपुढे उभे राहायचे तसेच. प्राचार्यांनी फळ्याकडे पाहिलं, त्यावर माझ्या अक्षरात नावलौकिकाचं मूल्यांकन होतं. ते आत गेले. फळा राहिला. पण दुसऱ्या दिवसापासून बाबांची ड्यूटी ऑफिसातून फाटकावर लागली. उन्हात, बिनखुर्चीची. घरी आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मी बाबांना म्हटलं, "मी फॉर्म भरून देते, बीएचा." ते म्हणाले, "आता भरशीन तं माह्या फुकटच्या उभं राहण्याले काय अर्थ?" मी फॉर्म भरला नाही.

परीक्षेच्या आधी खरी अडचण आली. परीक्षेला बसायचं तर विषयात पंचाहत्तर टक्के हजेरी लागते, आणि प्राचार्य म्हणाले, जो पिरेड झालाच नाही त्याची हजेरी मी कशी देऊ. मी वही काढली. जुलैपासूनची वही होती ती. रोजची तारीख, त्या दिवशी काय शिकलो, कोणी शिकवलं, सातही जणांच्या सह्या. एका मुलीला टायफॉइड झाला होता, तिच्या गैरहजेऱ्याही त्यात होत्या.

त्यांनी चार-पाच पानं उलटली. "ये मान्य नहीं होता बेटा. इसमें टीचर के साइन कहाँ हैं?"

"तेच तर म्हणते सर. या वर्षी या विषयात आमची हजेरी ऐंशीच्या वर आहे आणि टीचरची शून्य. दोन्ही आकडे विद्यापीठाला पाठवा. आमच्याकडून मी पाठवतेच आहे."

मी टेबलाची कड धरून ठेवली होती, ती त्यांना दिसली असेल. त्यांनी वही मिटली, ऑफिसातल्या बाबूला हाक मारली आणि हजेरी पूर्ण असलेल्या सात नावांची यादी टाइप करायला सांगितली. माझ्याकडे न पाहता सही केली.

सातातले पाच पास झालो. एका मुलाला सप्लिमेंटरी, म्हणजे फेरपरीक्षा, लागली, ती त्यानं पुढं काढली. टायफॉइड झालेली मुलगी नापास झाली आणि तिचं शिक्षण तिथंच थांबलं. तिचं लग्न झालं. हा निकाल मी सांगते तेव्हा तिलाही मोजते. वर्गात कोणी शिकवणारं असतं तर बुडालेला महिना तिला भरून काढता आला असता. आम्ही होतो तेवढ्यानं ते झालं नाही. सगळ्यात जास्त मार्क ताईला होते. माझे बरे होते, बस्स.

तिसऱ्या वर्षी संस्थेनं एक मॅडम नेमल्या. नुकत्याच एमकॉम झालेल्या, छिंदवाड्याच्या, स्वभावानं प्रेमळ. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुम्हाला मागच्या वर्षी टीचर नव्हता म्हणे. काळजी करू नका, दुसऱ्या वर्षाचं सगळं मी पहिल्यापासून घेते."

ताई उभी राहिली. "मॅडम, ते झालं आहे. पुढचं घ्या."

"नक्की? अवघड आहे ते."

"एखादं गणित देऊन पाहा."

मॅडमनी दिलं. ताईनं फळ्याजवळ जाऊन सोडवलं, मधे एकदा खडू तुटला तेवढीच थांबली. मॅडमनी शेवटची ओळ पाहिली, ‘ठीक आहे’ म्हटलं आणि पुस्तकातली बरीच पानं एकदम उलटली.

मी आता पांढुर्ण्याला एका संत्रा-पॅकिंगच्या फर्ममध्ये अकाउंट्स पाहते. ताई नागपूरला आहे, करसल्लागाराकडे. बाबांना त्या वर्षीही संस्थेनं ठेवून घेतलं, पण खुर्ची दिली नाही. पुढं त्यांनी स्वतःच ती नोकरी सोडली. प्राचार्यांची बदली दुसऱ्या शाखेत झाली. जुन्या वर्गमित्रांपैकी कोणी भेटलं की म्हणतं, काही म्हण, शेवटी सरांनी सही केली, माणूस वाईट नव्हता. मी तसं म्हणत नाही. त्यांनी सही केली कारण आमच्याकडे वही होती. बाबांनी त्या फाटकावर उन्हात किती दिवस काढले ते मला ठाऊक आहे. त्याबद्दल त्यांना कोणी एक शब्द विचारला नाही, आणि प्राचार्यांच्या त्या खोलीतल्या कोणाचेही आभार मानायची मला आजवर गरज वाटलेली नाही.