कवडू मिस्त्रीचं पार्टिशन

कवडू मिस्त्रीला कुणी "काम झालं का?" असं विचारलं, की तो आधी कामाकडे बघायचा, मग विचारणाऱ्याकडे, आणि म्हणायचा, "झालं म्हणजे कसं झालं पायजे?" या एका सवालामुळे कॉलेजातले अर्धे लोक त्याला टाळत. खुर्चीचा पाय डुगडुगला तर खाली कागदाची घडी घालत, पण मिस्त्रीला बोलावत नसत. तो आला की एका पायासाठी चारही पाय काढून बसायचा.

तो मूळचा खाप्याचा, नागपूरजवळच्या विणकरांच्या गावचा. बाप विणकरांना हातमाग बनवून द्यायचा. विणकर घर बदलत, भाऊ भाऊ वेगळे होत, मग माग बैलगाडीत घालून न्यावा लागे. म्हणून बापाचं सांगणं एकच: माग घट्ट उभा राहिला पाहिजे आणि वेळ आली की उघडताही आला पाहिजे. खिळा मारायचा नाही. एका लाकडात खाच, दुसऱ्याला तिच्या मापाचं कुसू, आणि दोन्हीतून आरपार लाकडी खुंटी. खुंटी ठोकली की माग उभा, काढली की मोकळा. कवडू नागपुरात आला, सीताबर्डीच्या मागच्या अंगाला एका कॉलेजात सुतार म्हणून लागला, पण हात खाप्याचाच राहिला. त्याने केलेलं प्रत्येक टेबल खुंट्या काढून उघडता यायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

त्र्याहत्तर साली गोपाळराव प्राचार्य होऊन आले. माणूस भला, आवाज बारीक, आणि नियमांवर फार जीव. कॅन्टीनमध्ये गाणी म्हणू नयेत. फाटकातून सायकलवर डबलसीट येऊ नये. वाचनालयात मुलामुलींनी एका टेबलाशी बसू नये. पहिले दोन नियम पोट्ट्यांनी जेमतेम पाळले. तिसरा कुणीच पाळला नाही. तेव्हा गोपाळरावांनी कवडूला बोलावलं.

"मिस्त्री, वाचनालयात मधोमध पार्टिशन पाहिजे. सलग. फट नको. बसलेल्या माणसाचं डोकं पलीकडून दिसता कामा नये."

"कोनत्या माणसाचं?"

"कुणाचंही."

इतकी वर्षं कवडूच्या वाट्याला मोडक्या खुर्च्या आल्या होत्या. हे पहिलं मोठं काम. गोदामात जुन्या दरवाजांचं सागवान पडलं होतं, ते त्याने बाहेर काढलं, रंधा मारला आणि आतला मधासारखा रंग बघून दिवसभर त्यावरून हात फिरवत राहिला. खाचा अशा बसवल्या की जोडावरून नख फिरवलं तरी अडकू नये. उंचीचं माप घ्यायला खिडकीजवळच्या खुर्चीवर तो स्वतःच बसला. चूक झाली ती तिथेच. कवडू बुटका होता.

पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांचा पुढारी रविंद्र येऊन मुलांच्या बाजूला बसला. तो ताडमाड. नाकापासून वरचं सगळं डोकं पार्टिशनवर ठेवल्यासारखं दिसू लागलं.

"नमस्कार, ताईसाहेब," ते डोकं पलीकडे बघून म्हणालं. "तिकडलं हवापाणी कसं आहे?"

दोन्हीकडून हशा झाला. गोपाळरावांनी वर आणखी एक फळी चढवायला सांगितली.

"नाही जमत साहेब. अंग बिघडते त्याचं."

"कुणाचं अंग?"

"पार्टिशनचं."

फळी काही चढली नाही.

हशा दोन दिवसांत ओसरला. खिडक्या सगळ्या मुलांच्या बाजूला राहिल्या होत्या. पंखा तिकडे, दिवा तिकडे, वर्तमानपत्रंही तिकडेच. मुलींच्या बाजूला कपाटं आणि सावली. निंबाखाली सभा भरली. रविंद्र ओट्यावर चढला.

"वर्गात आम्ही एकत्र! परीक्षेला एकत्र! मग पुस्तक वाचायलाच भिंत काहून?"

टाळ्या पडल्या. मागून एक मुलगी म्हणाली, "रविंद्र, तू उजेडात बसून भाषण लिहिलं. आम्ही तिकडे पुस्तक उघडलं त अक्षर शोधावं लागते. त्याचं काय ते बोल."

ती पुष्पलता धकाते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. रविंद्र थोडा वरमला, आणि वरमलेला पुढारी करतो तेच त्याने केलं, आवाज वाढवला. "तोडून टाकू!"

कवडू तिथूनच चालला होता. तो थांबला.

"कोन तोडते गा?"

"मिस्त्री, तुम्ही नियमाच्या बाजूचे का आमच्या?" रविंद्रने विचारलं.

"मी लाकडाच्या बाजूचा. नियमाचं तुमी अन् साहेब पाहून घ्या. त्याले हात लावला त हात रंध्यावर धरीन एकेकाचा."

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. बायको बायजाबाईने ताटाकडे बघितलं. "काहून जेवून नाही राहिले?"

"पोट्टे तोडतीन वं ते."

"तोडू द्या. मले बसाले एक पाट मांगून मांगून तोंड दुखलं माह्यं, अन् तिकडे भिंती बांधून राहिले."

कवडू रोज सकाळी हत्यारांची पेटी ठेवण्याआधी वाचनालयात डोकावू लागला. शनिवारी डोकावला आणि दारातच उभा राहिला. पार्टिशन नव्हतं. फळ्या भिंतीशी नीट लावून ठेवल्या होत्या, लांब लांबांशी, आखूड आखूडांशी. खुंट्या कुणाच्या तरी जेवणाच्या डब्याच्या झाकणात. एक काडी तुटली नव्हती. शिपाई चहाला गेला तेवढ्यात हे उरकलं होतं.

गोपाळराव आले. त्यांचा बारीक आवाज आणखी बारीक झाला. "कॉलेजच्या मालमत्तेची मोडतोड म्हणजे नाव कमी. हा नियम माझ्या आधीपासूनचा आहे. कुणी केलं?"

"मी उघडलं, सर," पुष्पलता म्हणाली. "आमच्या खाप्याच्या घरी मागाला अशाच खुंट्या आहेत."

"फळ्या मी धरल्या," रविंद्र म्हणाला.

"पण उघडलं मी."

मग वाद पेटला. उघडणं म्हणजे मोडणं का? प्राध्यापकांची बैठक बसली. अर्धे म्हणाले, नियम मोडला तो मोडलाच. अर्धे म्हणाले, कुलूप उघडणाऱ्याला कुणी कुलूप फोडलं म्हणत नाही. चहा येऊन गेला, पुन्हा आला. शेवटी गोपाळराव म्हणाले, "मिस्त्रीला विचारू. नुकसान झालं असेल तर मुलीचं नाव कमी. नसेल तर नाही."

सगळे वाचनालयात जमले. कवडूने एकेक फळी हातात घेतली. खाचा शाबूत, कुसं शाबूत. शेवटच्या फळीवर त्याचा अंगठा थांबला. खुंटीच्या भोकाशी सुपारीएवढा खड्डा पडला होता. त्याने मान वर केली नाही.

"खुंटी कशानं ठोकली वं?"

"दगडानं," पुष्पलता हळूच म्हणाली.

"तुझा बाप घरी दगडानं ठोकते?"

"नाही. लाकडाच्या मोगरीनं."

"मंग?"

"मोगरी तुमच्या पेटीत होती, काका. पेटीले कुलूप होतं."

कुणीतरी खुदकन हसलं. कवडू हसला नाही. वाईट कामाला त्याने कधी चांगलं म्हटलं नव्हतं. खड्डा होता. तो बोलला की पोरगी खाप्याला परत, मागावर. नाही बोलला, तर स्वतःच्या अंगठ्याशी खोटा.

"पहिले उभं करा," तो म्हणाला. "पडलेल्या कामाचं काही सांगता येत नाही."

पुष्पलता आणि रविंद्रने पार्टिशन उभं करायला घेतलं, आणि कवडू बाजूला उभा राहून ओरडू लागला. "उलटी धरली गा फळी, नेता! अशी धरत असते? अन् तू हळू ठोक वं, माशी मारून नाही राहिली." अखेर पार्टिशन उभं राहिलं. जे हटवायचं तेच स्वतःच्या हाताने उभारावं लागलं म्हणून रविंद्रचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"बरं, आता दाखवा," गोपाळराव म्हणाले.

खड्डा मुलींच्या बाजूला होता. कवडू वळसा घालून तिकडे गेला, खाली वाकला, आणि त्याला काही दिसेना. अंगठ्याने चाचपलं, खड्डा लागला. डोळे बारीक केले, तरी दिसेना. बाजूला बाक होता, तो त्यावर बसला. टेबलावर कुणाचं तरी पुस्तक पडलं होतं. ते त्याने उघडलं, लांब धरलं, जवळ धरलं. या बाजूला तो आजवर बसलाच नव्हता. माप घेतलं ते पलीकडे, खिडकीशी.

"मिस्त्री?" पलीकडून आवाज आला.

कवडू बाहेर आला. "तुटलं नाही साहेब. दबलं आहे. दबलेलं वर येते."

"म्हणजे नुकसान आहे की नाही?"

"निघालं त नाही. नाही निघालं त आहे. हिनं दाबलं, हीच काढन. पार्टिशन माह्या शेडमध्ये न्या. तवरी हिचं नाव राहू द्या."

गोपाळरावांनी विचार केला. नियमात बसत होतं. "चालेल," ते म्हणाले.

शेडमध्ये कवडूने कोळशाची इस्त्री पेटवून दिली आणि बाजूला बसला. ओलं फडकं खड्ड्यावर ठेवायचं, वर गरम इस्त्री टेकवायची, वाफ आत गेली की दबलेलं लाकूड फुगतं. सुकू द्यायचं. पुन्हा फडकं.

"आलं ना वर, काका."

"पुन्हा."

"आता तर दिसत बी नाही."

"दिसण्याचं राहू दे. हाताले लागते. पुन्हा कर."

तिची बोटं पोळली, कपाळावर काजळीचा पट्टा आला. ऊन कलताना कवडूने डोळे मिटून अंगठा फिरवला. एकदा, परत एकदा. मग उठून सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेला.

"निघालं साहेब. नुकसान नाही."

"उत्तम. मुलीचं नाव राहिलं. उद्या बसवून टाका."

"पॉलिश राहिलं. तेवढी जागा फिकी दिसते."

आठवड्याने गोपाळरावांनी विचारलं. कवडू म्हणाला, रंग जुळून नाही राहिला. मार्च संपताना विचारलं, तेव्हा म्हणाला, पॉलिश सुकून नाही राहिलं, हवा दमट आहे. एप्रिलमध्ये गोपाळराव स्वतः शेडमध्ये आले. गोणपाटाखालून कवडूने फळीचं टोक काढून दाखवलं. बाहेर असं ऊन होतं की धुणं पिळता पिळता वाळावं.

"अजून दमट?"

"सागवानाचं असंच असते साहेब."

गोपाळरावांनी फळीवरून बोट फिरवलं. बोट कोरडं राहिलं. त्यांनी गोणपाट पुन्हा फळीवर ओढलं.

"नीट होऊ द्या," ते म्हणाले. "घाईने बिघडायला नको."

वाचनालयात मुलं-मुली पुन्हा खिडकीशी बसू लागली. नियम सूचनाफलकावर तसाच होता. कवडू मात्र रोज गोणपाट काढी, सागवान पुसून घेई आणि परत झाकून ठेवी. मुद्दाम आडवं ठेवलेलं त्याच्या आयुष्यातलं ते एकच काम.

सुट्टीनंतर पुष्पलता खाप्याहून परत आली. शेडमध्ये येऊन तिने पिशवीतून एक मोगरी काढली. चिंचेच्या लाकडाची, तिच्या बापाने, धोंडबाने केलेली.

"ही कुलुपाबाहेर ठेवत जा, काका."

कवडूने मोगरी तळहातावर तोलली, उलटी करून पाहिली, दांडा हलवला.

"धोंडबाले सांग, दांडा जरासा ढिला आहे," तो म्हणाला, आणि तिथेच बसून मोगरी उघडायला घेतली.