रुपजीदादा आणि ओहळावरचा चौशिंगा

हमरस्त्यावरच्या चहावाल्याचा फोन आला तेव्हा मी बदलीच्या शाळेत फळ्यावर बेरजा लिहीत होतो. "गुरजी, तुमच्या रुपजीला डंपरनं उडवलं..."

रुपजीदादा तलासरीच्या डोंगरातला, भात-नाचणी पिकवणारा. मी त्याच्या पाड्यावरच्या शाळेत रुजू झालो, त्या हिवाळ्यात त्यानं मला पहाटेपासून ओहळाकाठी करवंदीच्या जाळीत बसवलं. ऊन चढल्यावर चौशिंग्याचा एक नर गवत खुडत पाण्यावर आला. शेळीएवढा, तांबूस, डोक्यावर चार शिंगं. पुढची दोन तर बोटाच्या पेराएवढी. मी श्वास सोडला आणि तो दोन उड्यांत नाहीसा झाला. "एवढाच दिसतो तो," दादा हसला. "पन दिसला ना?"

पुढे खाणीनं डोंगर खाल्ला. सुरुंगाच्या हादऱ्यांनी ओहळ आटला, डबकं तेवढं राहिलं. चौशिंगे पाण्यासाठी वस्तीकडे उतरू लागले. एका दुपारी किंकाळी ऐकून आम्ही धावलो. मादीचा पाय तारेच्या फाशात, आणि चार कुत्री तिचं पोट जिवंतपणी फाडत होती. दादानं काठीनं एकाचा जबडा मोडला. दुसऱ्यानं त्याची मांडी फोडली. तेवढ्यात फासा लावणारे दोघं कोयते घेऊन आले. "आमची शिकार आहे, बाजूला हो!" दादा हलला नाही. कोयत्याच्या मुठीनं त्याचं कपाळ फुटलं. रक्त डोळ्यांत उतरलं, तरी त्यानं एकाचा गळा धरला तो चेहरा निळा पडेपर्यंत. त्याची बोटं मी सोडवली. त्या दिवशी मला त्याचीच भीती वाटली... हे त्याला कधी सांगितलं नाही. मादी तोवर मेली होती.

या उन्हाळ्यात कुत्र्यांपुढे पळत एक नर हमरस्त्यावर आला आणि दुभाजकापाशी बावरून थांबला. मागून धावत आलेला दादा हात पसरून डंपरसमोर उभा राहिला. डंपर थांबला नाही. नर दुभाजक ओलांडून गेला, असं चहावाला सांगतो. ते खरं असावं, एवढंच मला वाटतं.

गेल्या आठवड्यात पाड्यावर गेलो. त्याची बायको, लखमीवहिनी, घरात नव्हती. डबक्यापाशी वाकून गवत चाचपत होती. "तो रोज सकाळी फासे काढायचा," ती म्हणाली. "आता कोन काढील?" खुंटीला बांधलेली फाशाची तार, मोटारसायकलच्या क्लचची, तिनं हिसकली. तळहात कापला, तरी तिनं सोडली नाही.

"बघता काय, गुरजी? खुंटी उपटा."

मी वाकलो.